इमारत-पतनाचे चित्रफीत विश्लेषण

इमारत, पूल किंवा अन्य बांधकाम कोसळत असताना झालेल्या चित्रणावरून त्याच्या सांगाड्यातील बिघाडाचा क्रम, वेग आणि स्वरूप ठरवण्याच्या पद्धतीस इमारत-पतनाचे चित्रफीत विश्लेषण असे म्हणतात. ही पद्धत न्यायसहायक अभियांत्रिकीत मोडते. वृत्तवाहिन्यांचे चित्रण, रस्त्यावरील व इमारतींमधील सीसीटीव्ही, वाहनांतील कॅमेरे आणि नागरिकांचे मोबाइल ही तिची मुख्य साधने आहेत.

कोसळलेल्या इमारतीचा ढिगारा हा घटनेचा अंतिम परिणाम असतो. कोणता भाग आधी निखळला आणि कोणता त्याच्यामागून गेला, हे ढिगाऱ्यावरून नेहमी कळत नाही. शिवाय अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी ढिगारा तातडीने उपसावा लागतो व त्यात पुरावाही हलतो. चित्रफीत मात्र घटनेचा कालक्रम जपून ठेवते. तिच्यातून इमारत केव्हा आणि कशी पडली हे बऱ्याच अचूकतेने मोजता येते. का पडली, याचे उत्तर एकट्या चित्रफितीतून सहसा मिळत नाही. त्यासाठी बांधकामाचे आराखडे, अवशेषांची तपासणी, साहित्याच्या चाचण्या, साक्षीदारांचे जबाब आणि संगणकीय प्रतिमाने यांच्याशी तिचा मेळ घालावा लागतो.

इतिहास

बांधकाम कोसळतानाचे सर्वांत प्रसिद्ध जुने चित्रण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा नॅरोज झुलत्या पुलाचे आहे. १ जुलै १९४० रोजी खुला झालेला हा पूल त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटत जाऊन कोसळला. पुलाच्या हेलकाव्यांचा अभ्यास करणारे प्राध्यापक एफ. बी. फर्क्युहरसन त्या वेळी तेथे उपस्थित होते. एका स्थानिक छायाचित्र-दुकानाच्या चालकांनी घेतलेली १६ मिलिमीटरची फीत पुढे जगभरातील भौतिकशास्त्राच्या वर्गांत दाखवली जाऊ लागली.

याच फितीने या क्षेत्राला एक महत्त्वाचा धडा दिला. मूळ चित्रण सेकंदाला १६ चौकटी या गतीने झाले होते. नंतरच्या प्रती मात्र सेकंदाला २४ चौकटी या गतीने दाखवल्या गेल्या. त्यामुळे पडद्यावरील पूल प्रत्यक्षापेक्षा दीडपट वेगाने हेलकावतो. प्रत्यक्षदर्शींनी मोजलेली आंदोलने मिनिटाला १२ होती, तर प्रसारित फितीवर ती सुमारे १८ भरतात. ही तफावत २०१५ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी उघड केली. पाऊणशे वर्षे असंख्य विद्यार्थ्यांनी पाहिलेली फीतही घड्याळाशी ताडून पाहावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथील जागतिक व्यापार केंद्राच्या विनाशानंतर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने (निस्ट) त्या दिवसाचे दीडशे तासांहून अधिक चित्रण आणि सुमारे सात हजार छायाचित्रे गोळा करून ती काळाच्या एकाच पट्टीवर लावली. त्यानंतर सीसीटीव्ही आणि मोबाइल यांचा प्रसार झाल्याने दुर्घटना एकापेक्षा अधिक कोनांतून टिपली जाण्याची शक्यता वाढली.

पद्धत

मूळ फीत मिळवणे

विश्लेषणाची पहिली अट म्हणजे कॅमेऱ्याने साठवलेली मूळ फीत हाती येणे. समाजमाध्यमांवरून फिरत आलेल्या प्रतीचा आकार दाबून लहान केलेला असतो. त्यात बारीक तपशील पुसले जातात, काही चौकटी गळतात आणि कधी कडाही कापल्या जातात. सीसीटीव्हीच्या पडद्यासमोर मोबाइल धरून केलेले चित्रण तर दोन्ही यंत्रांचे दोष एकत्र करते.

काळाचे अंशांकन

चित्रफीत ही स्थिर चौकटींची मालिका असते. सेकंदाला २५ चौकटी असतील, तर दोन चौकटींमध्ये ०.०४ सेकंदाचे अंतर असते. अनेक सीसीटीव्ही यंत्रे जागा वाचवण्यासाठी त्याहून कमी चौकटी साठवतात आणि काहींमध्ये चौकटींमधील अंतर एकसारखे नसते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेल्या वेळेवर विसंबून न राहता प्रत्येक चौकटीची नोंदलेली वेळ तपासावी लागते. अनेक कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवण्यासाठी सर्वांना दिसलेली एखादी ठळक घटना, उदाहरणार्थ खिडकी फुटणे किंवा दिवे जाणे, समान बिंदू म्हणून धरली जाते. ध्वनीचा उपयोग करताना त्याच्या वेगाचे भान ठेवावे लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ६८० मीटर दूर असलेल्या कॅमेऱ्यात धमाका दोन सेकंद उशिरा ऐकू येतो.

अंतराचे अंशांकन

चित्रातील अंतर पिक्सेलमध्ये मोजले जाते आणि त्याचे मीटरमध्ये रूपांतर करण्यासाठी ज्ञात माप लागते. इमारतीच्या आराखड्यातील मजल्याची उंची, खिडक्यांमधील अंतर किंवा दर्शनी भागाची रुंदी ही मापे त्यासाठी वापरतात. कॅमेरा खालून वर पाहत असेल, तर वरचे मजले लहान दिसतात. अशा वेळी एकच प्रमाण साऱ्या चित्राला लावता येत नाही. उंचीनुसार ते बदलावे लागते. भिंग रुंद कोनाचे असल्यास कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसतात. बहुतेक मोबाइल कॅमेरे चौकट एकदम न टिपता ओळीओळीने टिपतात, त्यामुळे वेगाने हलणारी वस्तू तिरपी भासते. या सर्व दोषांची दुरुस्ती मोजणीपूर्वी करतात. हातातल्या कॅमेऱ्याची थरथर वजा करण्यासाठी चित्रातील एखादी स्थिर वस्तू, जसे शेजारची इमारत, संदर्भ म्हणून घेतात.

वेग आणि त्वरण

यानंतर गच्चीचा कठडा किंवा कोपरा यांसारखा ठळक बिंदू निवडून प्रत्येक चौकटीत त्याचे स्थान नोंदवले जाते. स्थानातील बदलावरून वेग आणि वेगातील बदलावरून त्वरण मिळते. तुलनेसाठी मुक्तपतनाचे सूत्र वापरतात: अंतर = ½ × ९.८ × काळाचा वर्ग. आधाराविना पडणारी वस्तू पहिल्या सेकंदाअखेर ४.९ मीटर, दुसऱ्या सेकंदाअखेर १९.६ मीटर आणि तिसऱ्या सेकंदाअखेर ४४.१ मीटर खाली येते.

मोजलेले त्वरण मुक्तपतनापेक्षा कमी असेल, तर खालचा सांगाडा अजून काही प्रमाणात विरोध करत आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्वरण ६.५ मीटर प्रति सेकंद वर्ग भरले, तर पडणाऱ्या भागाच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका विरोध खालून होत असतो. त्वरण मुक्तपतनाइतके असेल, तर त्या अवधीत मोजलेल्या भागाखालचा आधार जवळजवळ शून्य झालेला असतो.

या गणितात चुका फार लवकर वाढतात. एक पिक्सेल म्हणजे २० सेंटिमीटर आणि सेकंदाला २५ चौकटी असे धरले, तर स्थानातील एका पिक्सेलची चूक लगतच्या चौकटींवरून काढलेल्या त्वरणात १२५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी होते. ती गुरुत्वत्वरणाच्या बारापटीहून अधिक आहे. म्हणून दोन-तीन चौकटींवरून त्वरण काढत नाहीत. अनेक चौकटींतील स्थाने आलेखावर मांडून त्यांतून सरासरी वक्र काढतात आणि निष्कर्षासोबत संभाव्य चुकीची मर्यादाही नोंदवतात.

बिघाडाचा क्रम

वेगाइतकाच महत्त्वाचा असतो तो हालचालींचा क्रम. छताची रेषा मधोमध खचली, तर आतील स्तंभाकडे संशय जातो. इमारत एका बाजूस कलंडली, तर त्या बाजूचा पाया किंवा खालचे स्तंभ आधी निकामी झाल्याची शक्यता असते. वरचे मजले जवळजवळ अखंड राहून खाली बसले, तर बिघाड तळमजल्यावर शोधतात. कोसळण्यापूर्वीच्या सूक्ष्म हालचालीही उपयुक्त ठरतात. डोळ्यांना न दिसणारे काही सेंटिमीटरचे डोलणे, कडेच्या पिक्सेलांच्या उजळपणातील चढउतारावरून हेरता येते.

प्रमुख उदाहरणे

जागतिक व्यापार केंद्र, इमारत क्रमांक ७

४७ मजल्यांची ही इमारत ११ सप्टेंबर २००१ रोजी सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी कोसळली. तिच्यावर विमान आदळले नव्हते. शेजारच्या मनोऱ्याच्या ढिगाऱ्यामुळे लागलेल्या आगी तिच्यात सुमारे सात तास धुमसत होत्या आणि खालच्या मजल्यांवरील स्वयंचलित फवाऱ्यांना पाणी मिळत नव्हते. ओळख पटवता येईल असे तिचे पोलाद तपासासाठी उपलब्ध नव्हते. त्यामुळे चित्रफितींना असाधारण महत्त्व आले.

उत्तरेकडून घेतलेल्या चित्रणात प्रथम गच्चीवरील पूर्वेकडची यंत्रखोली खचताना दिसते आणि त्यानंतर सुमारे सात सेकंदांनी संपूर्ण दर्शनी भाग खाली येऊ लागतो. या क्रमावरून निस्टने पूर्व भागातील ७९ क्रमांकाच्या स्तंभाकडे लक्ष वळवले. संस्थेच्या निष्कर्षानुसार उष्णतेने प्रसरण पावलेल्या तुळयांनी १३व्या मजल्यावरील एक मुख्य तुळई तिच्या आधारावरून ढकलली, मजले एकावर एक पडले आणि बाजूचा आधार गमावलेला तो स्तंभ वाकून निकामी झाला. बिघाड मग आतून पश्चिमेकडे सरकला आणि शेवटी बाहेरचे कवच कोसळले.

ऑगस्ट २००८ मधील मसुदा अहवालात म्हटले होते की, दर्शनी भागाचे वरचे १८ मजले दृष्टीआड होण्यास ५.४ सेकंद लागले. मुक्तपतनास ३.९ सेकंद पुरले असते. म्हणजे प्रत्यक्ष वेळ सुमारे ४० टक्के अधिक होती. मसुद्यावर हरकती मागवण्यात आल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतील एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने स्वतः केलेल्या मोजणीच्या आधारे आक्षेप घेतला: संपूर्ण अवधीची सरासरी काढल्याने मधला मुक्तपतनाचा टप्पा झाकला जातो. नोव्हेंबर २००८ च्या अंतिम अहवालात निस्टने पतनाचे तीन टप्पे दिले. पहिल्या १.७५ सेकंदांत वेग मंद होता, पुढील २.२५ सेकंदांत त्वरण मुक्तपतनाइतके होते व त्या काळात सुमारे आठ मजल्यांचे, म्हणजे ३२ मीटरचे अंतर कापले गेले आणि अखेरच्या १.४ सेकंदांत त्वरण पुन्हा घटले.

या दुरुस्तीनंतरही कारणाविषयीचा वाद संपला नाही. मुक्तपतनाचा टप्पा हा पूर्वनियोजित स्फोटाचा पुरावा आहे, असे काही टीकाकार मानतात. निस्टच्या मते तोवर आतील सांगाडा कोसळून गेला होता आणि बाहेरचे स्तंभ खालच्या मजल्यांवर वाकल्याने त्यांचा विरोध नगण्य उरला होता. मुख्य स्तंभ तोडू शकणाऱ्या स्फोटाचा आवाज किमान अर्ध्या मैलावर १३० ते १४० डेसिबल भरला असता आणि तसा आवाज कोणत्याही ध्वनिमुद्रणात आढळला नाही, हेही संस्थेने नमूद केले. एकाच मोजणीवर उभयपक्षी एकमत झाले, तरी तिचा अर्थ लावण्यासाठी अन्य पुरावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मोरांडी पूल, जिनोव्हा

इटलीतील या पुलाचा एक भाग १४ ऑगस्ट २०१८ रोजी भर पावसात कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या एका कारखान्याच्या कॅमेऱ्याने पडण्याचा क्षण टिपला होता. ९ क्रमांकाच्या खांबावरील दक्षिणेकडचा कललेला ताण आधी तुटल्याच्या निष्कर्षाला या चित्रणाने बळकटी दिली. काँक्रीटने मढवलेल्या या ताणातील पोलादी तारा वरच्या टोकाशी गंजल्या होत्या, असे न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले. चित्रफितीने जागा दाखवली आणि गंजलेल्या तारांनी कारण सांगितले.

शॅम्प्लेन टॉवर्स साउथ, सर्फसाइड

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातली ही निवासी इमारत २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर कोसळून ९८ जण मृत्युमुखी पडले. शेजारच्या इमारतीवरील कॅमेऱ्यात मधला भाग आधी आणि पूर्वेकडचा भाग काही सेकंदांनी पडताना दिसतो. याशिवाय इमारत पडण्यापूर्वी काही मिनिटे एका पर्यटकाने रस्त्यावरून केलेल्या मोबाइल चित्रणात वाहनतळात पाणी गळताना आणि ढिगारा पडलेला दिसतो. जलतरण तलावालगतचा स्लॅब निवासी मनोऱ्याच्या आधीच खचला होता, हे ठरवताना अशा साध्या चित्रणाचा उपयोग झाला. मुख्य पतनापूर्वीची दृश्येही जपून ठेवावीत, असा आग्रह तेव्हापासून अधिक धरला जातो.

नोएडाचे जुळे मनोरे

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालानुसार उत्तर प्रदेशातील नोएडा येथील अपेक्स (३२ मजले) आणि सियान (२९ मजले) हे सुमारे शंभर मीटर उंचीचे बेकायदा मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता पाडण्यात आले. हे काम मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंगने दक्षिण आफ्रिकेच्या जेट डिमोलिशन या कंपनीच्या साहाय्याने केले आणि त्यासाठी सुमारे ३,७०० किलो स्फोटके वापरली. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचा तांत्रिक देखरेखीत सहभाग होता.

दुर्घटनेत कारण अज्ञात असते आणि चित्रण योगायोगाने मिळते. नियोजित पाडकामात मात्र कोणता स्तंभ कोणत्या क्षणी तोडला हे आधीच ठाऊक असते आणि कॅमेरेही ठरवलेल्या जागी लावता येतात. त्यामुळे ज्ञात कारणाचा दृश्य परिणाम कसा दिसतो, हे पडताळण्यासाठी अशी चित्रणे उपयोगी पडतात. स्फोटांचे एकामागून एक येणारे आवाज, मजल्यांमधून बाहेर पडणारे धुळीचे फवारे आणि त्यानंतर सुरू होणारे पतन हा क्रम नोएडाच्या चित्रणात स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्रातील घटना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे दगावली. गावोगावी कॅमेरे नसण्याच्या त्या काळात तज्ज्ञांना उभ्या उरलेल्या भिंती आणि ढिगारे यांवरूनच निष्कर्ष काढावे लागले. चिखलात बांधलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या दोन्ही बाजूंना सांधणाऱ्या लांब दगडांचा अभाव आणि माळवदावरील मातीचा जड थर ही घरे पडण्याची कारणे ठरली. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांब उभे राहिले होते. चित्रफितीविनाही ढिगाऱ्याच्या काळजीपूर्वक वाचनातून बिघाडाचा प्रकार ओळखता येतो, हे या अभ्यासाने दाखवले.

मुंबई महानगर प्रदेशात इमारती कोसळण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळील शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ जणांचा, तर त्याच वर्षी २७ सप्टेंबरला डॉकयार्ड रोड येथील महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत पडून ६१ जणांचा मृत्यू झाला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे निवासी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणी तळमजल्यावर केलेल्या अंतर्गत बदलांचा आरोप झाला. अशा प्रकरणांत रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला पतन दिसू शकते, पण त्याआधी आत तोडलेला स्तंभ दिसत नाही. त्यासाठी मंजूर नकाशा, दुरुस्तीच्या नोंदी आणि रहिवाशांचे जबाब हेच आधार उरतात.

१९ ऑगस्ट २०२२ रोजी बोरिवली पश्चिमेतील साईबाबानगर भागात गीतांजली ही चार मजली इमारत भरदिवसा कोसळली आणि तो प्रसंग चित्रित झाला. धोकादायक ठरवून ती आधीच रिकामी केली असल्याने जीवितहानी झाली नाही. जुन्या इमारती कोसळण्यास किती थोडा वेळ लागतो आणि आत कोणी असते तर त्यांना बाहेर पडण्यास कितपत अवधी मिळाला असता, याची कल्पना अशा चित्रणातून येते.

इमारत नसली तरी १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर कोसळलेला जाहिरात फलक या विषयाशी निकटचा आहे. वादळी वाऱ्यात तो पडून १७ जणांचा मृत्यू झाला आणि पडतानाचे चित्रण सर्वत्र प्रसारित झाले. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० × ४० फूट असताना हा फलक सुमारे १२० × १२० फूट होता. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊपट होते. चित्रणात फलक फाटून किंवा मधेच मोडून न पडता तळापासून कलंडताना दिसतो. असे दृश्य पायाकडे बोट दाखवते. वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेच्या (व्हीजेटीआय) तपासणीतही पाया अपुरा आढळला. फलक ताशी ४९ किलोमीटरचा वारा पेलू शकेल इतपतच होता, त्या दिवशीचा वारा ताशी ८७ किलोमीटर होता आणि मुंबईसाठी ताशी १५८ किलोमीटर वेग गृहीत धरणे अपेक्षित होते, असे या तपासणीच्या आधारे तपास यंत्रणेने मांडले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ४९ ऐवजी ८७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने फलकावर तिपटीहून अधिक भार पडला.

पुण्यातील चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडण्यात आला. सुमारे ६०० किलो स्फोटके वापरूनही पहिल्या स्फोटात तो पूर्ण कोसळला नाही आणि उरलेला भाग यंत्रांनी तोडावा लागला. पुलात अपेक्षेपेक्षा अधिक पोलाद असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. सांगाड्याची खरी ताकद कागदावरील अंदाजाहून वेगळी असू शकते आणि चित्रणाचा अर्थ लावताना ही तफावत जमेस धरावी लागते, हे या प्रसंगातून दिसून आले.

मर्यादा आणि चुकीचे अर्थ

चित्रफितीच्या वाचनात पुढील चुका वारंवार होतात.

बाह्य भागालाच संपूर्ण इमारत समजणे: कॅमेऱ्याला दर्शनी भाग दिसतो. दर्शनी भाग हलण्यापूर्वी आतील मजले पडून गेलेले असू शकतात. त्यामुळे दृश्य हालचालीचा आरंभ हा बिघाडाचा आरंभ असतोच असे नाही.

धुळीच्या फवाऱ्यांना स्फोट समजणे: मजला खाली येताना आतील हवा दाबली जाते आणि खिडक्यांतून धूळ जोरात बाहेर फेकली जाते. फवाऱ्यांचा क्रम पतनाच्या आधीचा आहे की नंतरचा, हे तपासल्याशिवाय त्यांचा अर्थ लावता येत नाही.

सरासरीत टप्पे हरवणे: आरंभ आणि शेवट यांवरून काढलेली सरासरी मधले बदल लपवते. इमारत क्रमांक ७ च्या मसुदा अहवालावरील आक्षेप याच स्वरूपाचा होता.

आरंभबिंदू सोयीने निवडणे: हालचाल कोणत्या चौकटीपासून सुरू झाली याबाबत मतभेद असू शकतात. अर्ध्या सेकंदाच्या फरकानेही काढलेले त्वरण बरेच बदलते. म्हणून आरंभबिंदू निवडण्याचा निकष आधी जाहीर करणे आवश्यक मानले जाते.

साम्यावरून निष्कर्ष काढणे: दोन इमारती सारख्या पडताना दिसल्या, म्हणजे त्यांच्या पडण्याचे कारण एकच असते असे नाही. तळाचा आधार आगीने, भूकंपाने, गंजाने किंवा स्फोटकांनी गेला, तरी वरच्या भागाची पुढची हालचाल बरीचशी सारखी असू शकते, कारण त्यानंतर सर्वांवर गुरुत्वाकर्षणच कार्य करते.

न्यायालयीन पुरावा

भारतात चित्रफीत हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख मानला जातो. पूर्वी त्याबाबत भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील कलम ६५ब लागू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये त्याची जागा कलम ६३ ने घेतली आहे. मूळ यंत्राऐवजी प्रत सादर केल्यास विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा होय. फाइलमध्ये किंचितही बदल केला तरी ते बदलते.

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातील प्रकरणातून आला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर अवलंबून होता. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला की, मूळ यंत्र हजर केले नसल्यास प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मात्र ते देण्यास संबंधित व्यक्ती नकार देत असेल, तर पक्षकार न्यायालयामार्फत त्याची मागणी करू शकतो. हा निकाल निवडणुकीसंबंधी असला, तरी इमारत दुर्घटनांच्या खटल्यांतील चित्रणालाही हेच तत्त्व लागू पडते.

पुराव्याच्या दृष्टीने पहिले काही दिवस निर्णायक असतात. सीसीटीव्हीची यंत्रे साठवणक्षमता संपल्यावर जुन्या चित्रणावर नवे चित्रण करतात आणि मागणी वेळेत न झाल्यास फीत कायमची नष्ट होते. घटनास्थळाजवळील सर्व कॅमेऱ्यांची यादी करणे, मूळ यंत्रे ताब्यात घेणे, त्यांच्या घड्याळातील वेळ आणि प्रमाणवेळ यांतील फरक नोंदवणे, प्रत्येक कॅमेऱ्याची जागा व उंची मोजून ठेवणे आणि दुर्घटनेपूर्वीचे चित्रणही सुरक्षित करणे ही कामे बचावकार्याबरोबरच सुरू करावी लागतात. कॅमेऱ्याची जागा नंतर बदलली, तर अंतराचे अंशांकन करणे अवघड होते आणि उपलब्ध चित्रणातूनही विश्वासार्ह मोजमाप मिळत नाही.